चॉकलेटच्या गावातली बी-टीम

आधी एक कबुली देऊन टाकते. मी पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, आणि घरी इंग्लिश बोललं की आजी रागवायची. त्यामुळे माझी भाषा धड इकडची नाही, धड तिकडची नाही. मराठी विभागाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी आईला फोन करून विचारलं, "ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालेल का गं?" आई म्हणाली, "चूक, पण लिही." म्हणून लिहिते आहे. चुका दिसल्या तर संपादकांना धरा!

विषय आहे आइस हॉकी. हसू नका. आपल्या होस्टेलमध्ये बर्फ फक्त मेसच्या फ्रीजमध्ये सापडतो, तोही मावशींचा मूड असेल तर. मीसुद्धा आइस हॉकीची एकही मॅच प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तरी हा विषय गेले दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याला कारण एक व्हॉलीबॉलची मॅच आहे, जीही मी पाहिली नाही.

झालं असं. माझी रूममेट कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आहे. मागच्या सेमिस्टरला झोनलची फायनल आपल्याच ग्राउंडवर होती, आपल्या होस्टेलपासून चालत चार मिनिटांवर. मी त्या संध्याकाळी रूमवर लॅपटॉप मांडीवर घेऊन युरोपातली एक फुटबॉल मॅच पाहत बसले होते. ज्या क्लबला मी 'आपला क्लब' म्हणते तो माझ्यापासून काही हजार किलोमीटरवर आहे. रूममेट साडेसातला परत आली. मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "हरलो. तीन-दोन." मग बूट काढता काढता म्हणाली, "अकरा जण होते बघायला. वॉचमन काका धरून. तू आली असतीस तर बरं वाटलं असतं." आणि आंघोळीला निघून गेली.

भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती भांडली नाही, हीच पंचाईत झाली.

आता मूळ विषय. पाचव्या सेमिस्टरला सिव्हिलवाल्यांना सेमिनार असतो हे तुम्हाला माहीतच आहे. मी विषय घेतला होता 'काँक्रीटची पातळ कवच-छतं', म्हणजे थिन शेल. सरांनी सांगितलं, अमेरिकेतल्या हर्शी गावचं स्टेडियम बघ. मी छत बघायला गेले आणि छताखाली खेळणाऱ्या टीमच्या नादी लागले. त्या टीमचं नाव हर्शी बेअर्स.

हर्शी हे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं एक छोटं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती चौदा हजारांच्या आत. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावाला लाज वाटेल एवढी! हे गाव वसवलं मिल्टन हर्शी नावाच्या माणसाने. हा माणूस १८५७ साली जन्मला, शिक्षण जेमतेम. फिलाडेल्फियात गोळ्या-मिठाईचं दुकान काढलं, ते बुडालं. न्यूयॉर्कमध्ये काढलं, तेही बुडालं. मग लँकेस्टरला परत येऊन कॅरॅमल करायला लागला, आणि या वेळी मात्र नशीब उघडलं. १९०० साली त्याने तो कॅरॅमलचा कारखाना दहा लाख डॉलरला विकला आणि ज्या भागात जन्मला होता तिथल्या शेतांमध्ये, गाईगुरांच्या शेजारी, दुधाच्या चॉकलेटचा कारखाना उभा केला. दूध तिथेच मिळायचं, हा त्यामागचा साधा हिशेब. १९०५ मध्ये कारखाना पूर्ण झाला. त्याच्याभोवती घरं, ट्रॉली, बाग, शाळा सगळं त्यानेच केलं. त्याला आणि त्याच्या बायकोला, कॅथरीनला, मूल नव्हतं. दोघांनी १९०९ मध्ये अनाथ मुलांसाठी शाळा काढली, आणि ती गेल्यावर १९१८ मध्ये त्याने जवळजवळ सगळी संपत्ती त्या शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकली.

हॉकी या गावात आली ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. गावातल्या करमणुकीचं काम बघणारा जॉन सॉलेनबर्गर नावाचा माणूस होता, त्याने हा खेळ इथे रुजवला. गावातल्या सभागृहात बर्फ तयार केला, आणि १९३२ पासून गावाची स्वतःची टीम खेळू लागली. नाव काय ठेवलं असेल? चॉकलेटच्या वडीला इंग्लिशमध्ये बार म्हणतात, आणि अस्वलाला गावंढळ उच्चारात 'बार' म्हणायचे. दोन्ही जुळवून टीमचं नाव झालं 'हर्शी बार्स'. मधल्या एका मोसमात तर सरळ 'चॉकलेट बार्स'! न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी नाक मुरडलं, की ही टीम आहे का जाहिरात? म्हणून १९३६ मध्ये नाव बदलून 'बेअर्स' केलं, म्हणजे शुद्ध अस्वलं. माझ्यासारख्यांना बरं वाटावं अशी गोष्ट आहे ही. त्यांनाही शहरातल्या लोकांनी शुद्धलेखन सुधारायला लावलं!

टीम चालली. प्रेक्षक सभागृहात मावेनात. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. कारखाने बंद पडत होते, लोक रांगेत उभे राहून ब्रेड घेत होते. आणि नेमक्या त्याच वर्षांत मिल्टन हर्शीने गावात बांधकामं काढली. मोठं हॉटेल, समाजमंदिर, आणि शेवटी हॉकीचं स्टेडियम. सिमेंट-लोखंड स्वस्त होतं हे खरं, पण गावातल्या लोकांच्या हाताला काम मिळालं हेही तेवढंच खरं.

आता सिव्हिलवाल्यांनी कान टवकारा. बाकीच्यांनी एक परिच्छेद सहन करा. या स्टेडियमचं छत डिझाइन केलं अँटन टेडेस्को या इंजिनिअरने. जर्मनीत येना गावी तारांगणाचा घुमट बांधताना पातळ काँक्रीट कवचाची एक पद्धत तयार झाली होती, आणि ती घेऊन हा तरुण १९३२ च्या सुमारास अमेरिकेत आला होता. वय तिशीच्या आत. हर्शीने त्याला हे मोठं काम दिलं. दोनशे फुटांहून जास्त रुंद जागा, मध्ये एकही कॉलम नाही, आणि वर काँक्रीटचं कवच, जाडी बऱ्याच भागात साडेतीन इंचांच्या आसपास! आपल्या रूमचा स्लॅब बारा फुटांसाठी यापेक्षा जाड असेल. मी हिशेब करून पाहिला. कोंबडीच्या अंड्याची रुंदी त्याच्या कवचाच्या जाडीच्या साधारण सव्वाशे-दीडशे पट असते. या छताची रुंदी जाडीच्या साडेसहाशे पटींहून जास्त आहे. म्हणजे अंड्याच्या मानाने हे छत चार-पाचपट पातळ. आकार वक्र असल्यामुळे भार दाबाच्या रूपाने कडेला उतरतो, आणि ठरावीक अंतरावरच्या कमानी त्या कवचाला वाकू देत नाहीत. सेंटरिंग एकदाच केलं आणि एक भाग झाला की पुढे सरकवून तेच वापरलं. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे पहिली मॅच झाली. ते छत आजही उभं आहे.

बोर झालं? असो. पण मला यात जे दिसलं ते सांगते. अमेरिकेतलं या तऱ्हेचं पहिलंच मोठं छत न्यूयॉर्कला झालं नाही, शिकागोला झालं नाही. ते दहा-पंधरा हजार वस्तीच्या गावात, एका छोट्या लीगच्या टीमसाठी झालं. मोठ्या शहरात 'आधी कुणी केलंय का?' असं विचारतात. लहान जागी कधीकधी करून बघायला देतात.

सगळं गोड गोड होतं असं मात्र नाही. स्टेडियम उघडल्यावर चारच महिन्यांनी, एप्रिल १९३७ मध्ये, हर्शीच्या कारखान्यात कामगार संपावर गेले आणि आतच ठाण मांडून बसले. त्यांना युनियन हवी होती. इकडे कारखाना बंद, म्हणून शेतकऱ्यांचं दूध वाया जायला लागलं. शेवटी शेतकरी आणि मालकाच्या बाजूचे कामगार काठ्या घेऊन आत घुसले आणि संपवाल्यांना मारत बाहेर काढलं. ज्याने बाग दिली, शाळा दिली, हॉकी दिली, त्याच्याकडे हक्क मागायला गेलं की काय होतं, हे त्या दिवशी गावाने पाहिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मिल्टनची गोष्ट वाचता वाचता मी भारावून गेले होते, आणि मग हे वाचलं. उपकार करणारा माणूस चांगला असू शकतो, तरी गाव त्याच्या खिशात असणं चांगलं नाही. टीमचं पुढे काय झालं ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ती हळूहळू मालकाची कमी आणि गावाची जास्त झाली. कागदावर ती आजही हर्शीच्या करमणूक कंपनीची आहे, आणि ती कंपनी त्या शाळेच्या ट्रस्टची. पण मिल्टन १९४५ मध्ये गेला. त्यानंतर तिकीट काढून येणारे लोक कुणाच्या हुकमाने येत नव्हते.

आता 'बी-टीम'चा मुद्दा. उत्तर अमेरिकेत सगळ्यात वरची लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्या एक पायरी खाली अमेरिकन हॉकी लीग. हर्शी १९३८ मध्ये या दुसऱ्या लीगमध्ये आली आणि आजही तिथेच आहे. त्या लीगमधली कुठलीही टीम एकाच गावात एवढी वर्षं सलग टिकलेली नाही. पद्धत अशी की वरच्या प्रत्येक टीमची खाली एक जोडटीम असते. हर्शीची जोडी २००५ पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सशी आहे. वॉशिंग्टनचा खेळाडू जखमी झाला की हर्शीला फोन येतो, आणि इथला सगळ्यात फॉर्मातला पोरगा रातोरात बॅग भरून निघतो. मोसम ऐन रंगात असताना! आपल्या भाषेत सांगायचं तर रोज प्लेसमेंटचा सीझन. ब्रेडन हॉल्टबी, जॉन कार्लसन हे इथेच खेळून वर गेले आणि २०१८ मध्ये वॉशिंग्टनसाठी स्टॅनली कप जिंकले.

म्हणजे ही टीम रचनेनेच दुय्यम आहे. चांगला निघालास की जाणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत. मग अशा टीमवर कोण जीव लावेल? मला वाटलं होतं, कुणी नाही. पण २००२ मध्ये या टीमसाठी नवं स्टेडियम झालं, त्यात साडेदहा हजारांच्या आसपास माणसं बसतात. गावाची वस्ती चौदा हजार, आणि खुर्च्या साडेदहा हजार! आजूबाजूच्या गावांमधून लोक येतात. टीमने लीगचा काल्डर कप तेरा वेळा जिंकला आहे. पहिला १९४७ मध्ये, आणि बारावा-तेरावा लागोपाठ २०२३ आणि २०२४ मध्ये. एवढे कप दुसऱ्या कुठल्याच टीमकडे नाहीत.

आणि एक प्रथा आहे, ती वाचून मी एकटीच हसत बसले होते. वर्षातून एका मॅचला प्रेक्षक घरून कापसाची अस्वलं, बाहुल्या घेऊन येतात. हर्शीचा पहिला गोल झाला की सगळेजण ती खेळणी बर्फावर फेकतात. अक्षरशः पाऊस! खेळ थांबतो, खेळाडू आणि स्वयंसेवक ती गोळा करतात, आणि ती खेळणी गरजू मुलांच्या संस्थांना जातात. जानेवारी २०२५ च्या मॅचला १,०२,३४३ खेळणी पडली. प्रेक्षक जेमतेम दहा हजार, म्हणजे माणशी दहा. पिशव्या भरभरून आणत असणार लोक.

पण मला सगळ्यात जास्त भिडला तो फ्रँक मॅथर्स. कॅनडातल्या विनिपेगचा हा खेळाडू. वरच्या लीगमध्ये तो टोरांटोकडून एकूण २३ मॅच खेळला. फक्त तेवीस. तेव्हा वरच्या लीगमध्ये सहाच टीम होत्या, ही स्थिती १९६७ पर्यंत होती. जागाच शंभर-सव्वाशे. त्यामुळे उत्तम खेळाडूंची आयुष्यं खालच्या लीगमध्ये गेली, जशी आपल्याकडे दोन मार्कांनी लोकांची कॉलेजं बदलतात. मॅथर्स १९५६ मध्ये खेळाडू आणि कोच म्हणून हर्शीला आला. मग नुसता कोच, मग मॅनेजर, मग अध्यक्ष. १९९१ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं तो तिथेच राहिला. त्याच्या काळात सहा कप आले. आणि १९९२ मध्ये त्याला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, जिथे वरच्या लीगचे महारथी आहेत. तेवीस मॅचवाल्या माणसाला! त्याने हर्शीला वेटिंग रूम समजलं असतं तर पहिल्या दोन वर्षांत कंटाळून निघून गेला असता.

आता खरं बोलू? आपल्यापैकी निम्मे लोक या कॉलेजात वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे बसलेले असतात. मीही. सीईटीला जे कॉलेज पाहिजे होतं ते दुसऱ्या राउंडला थोडक्यात हुकलं. लग्नात कुणी काकू विचारतात, "कुठल्या कॉलेजला गं?" तेव्हा मी आधी शहराचं नाव सांगते, कॉलेजचं नंतर, तेही पुटपुटत. फर्स्ट इयरपासून एकच वाक्य ऐकते आहे: "इथे काय ठेवलंय यार, एमएसला जायचंय." म्हणून टेक्निकल फेस्टला नाव देत नाही, लायब्ररीच्या कमिटीत जात नाही, आणि चार मिनिटांवरची फायनल बघत नाही. 'आपलं' म्हणावं असं सगळं दुसरीकडे कुठेतरी आहे.

यावर दोन आक्षेप येतील, ते माझ्या विंगमध्ये आलेच आहेत. पहिला: "हर्शीला चॉकलेटचा पैसा होता, आपल्याकडे काय आहे?" बरोबर आहे. पैशाशिवाय ते छत झालं नसतं. पण पैशाने खुर्च्या बांधता येतात, त्यात नव्वद वर्षं माणसं बसवता येत नाहीत. आणि आपल्या ग्राउंडवर यायला तर तिकीटही नाही. दुसरा आक्षेप जरा अवघड आहे: "मग काय, इथेच समाधान मानायचं? मोठं व्हायचंच नाही?" मोठं व्हा की! हर्शीचा प्रत्येक पोरगा वर जायला धडपडतो, तेच त्याचं काम आहे. पण वरचा फोन येईपर्यंत तो हर्शीसाठी जीव तोडून खेळतो, कारण इथे नीट खेळला नाही तर फोन येतच नाही. वर जायचं आहे म्हणून इथलं अर्धवट करायचं, हे गणित त्यांच्याकडे चालत नाही. आपल्याकडे कसं चालतं, मला कळत नाही.

जाता जाता त्या जुन्या छताखालची एक गोष्ट. २ मार्च १९६२ रोजी तिथे बास्केटबॉलची एक मॅच होती. विल्ट चेंबरलेन नावाच्या खेळाडूने त्या एका मॅचमध्ये शंभर पॉइंट केले. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. त्या दिवशी प्रेक्षक होते ४,१२४. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. टीव्हीवर ती मॅच दाखवली नव्हती, आणि तिचं चित्रीकरण उपलब्ध नाही. जे आले होते त्यांनीच ती पाहिली. बाकीच्यांना काय, नंतर वर्तमानपत्र!

आपल्या ग्राउंडवर असा विक्रम होईल असं मी म्हणत नाही. आपली टीम बहुतेक पुन्हा तीन-दोनने हरेल. पण रेक्टर मॅडम आणि सर, तुम्हाला एक विनंती: होम मॅचच्या दिवशी आउटची वेळ अर्धा तास वाढवून द्या, आणि जमलं तर तुम्हीही या. मेसच्या मावशींनाही घेऊन या, त्या आपल्या सगळ्यांपेक्षा जोरात ओरडतात.

पुढची झोनल मॅच मिड-सेमनंतरच्या शनिवारी आहे. संध्याकाळी पाच वाजता. मी जाणार आहे. रूममेटला अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला की तिला कळेलच. तोवर अकराचे बारा तरी झाले, असं धरून चाला. तेरावं कोण?

(तृतीय वर्ष, सिव्हिल)